लांबी

अमळनेरच्या भंगारबाजारात, सायकलींच्या रिमांमागे
टेबल उलटं पडलं होतं, चारी पाय वर.
"हाई सागवान शे, ताई," हिलाल म्हणाला
आणि नखानं रंगाचा पापुद्रा काढून दाखवला.
खाली दुसरा रंग. त्याखाली तिसरा.
सागवान कुठं दिसलं नाही. तरी सातशे दिले.
रिक्षावाल्यानं दीडशे घेतले, वर विचारलं, घरी कितीजण?
एकटीला एवढं टेबल कशाला, हे त्यानं विचारलं नाही;
आरशात दिसलं.

आधी ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर, मग एकशेवीस.
पहिला थर दवाखान्याचा हिरवा,
त्याखाली निळा, मांडवाच्या खांबांना असतो तसला,
त्याखाली हापिसातला करडा, आणि करड्यावर
पांढरा अर्धामुर्धा आकडा: चौदा, की एकशे चौदा,
की चौदाशेचं उरलेलं डोकं.
कुणाच्या तरी यादीत हे टेबल होतं.
यादी गेली, आकडा राहिला. मी तोही घासला.

भुकटी पापण्यांवर, ओठांवर, कळण्याच्या पिठात.
नऊला ऊन पायरीवर चढलं की थांबायचं;
बाटलीतून फडक्यावर येईस्तोवर
स्पिरिट उडून जायचं.

सुकलाल भावसार मागच्या गल्लीतून बघायला आले.
आजोबा लुगडी रंगवायचे, बाप दुकानांच्या पाट्या,
हे दारं-खिडक्या. हात कोपरापर्यंत तांबूस.
त्यांनी टेबल वासावरून ओळखलं:
वरची फळी साग, बाजू आंब्याच्या, ड्रॉवरचा तळ खोक्याचा.
मी सगळ्याला एकच स्टेन देत होते, अक्रोडी.
साग बेताबेतानं प्यायला. आंब्यानं ढसाढसा पिऊन
अंगभर काळे चट्टे उठवले.
"आंबाले सागना रंग दिधा,
म्हनीसन तो सागवान व्हस का?"
म्हणाले, आणि चहा मागितला.

मग बाजू रंगवल्या, उघड उघड रंगानं,
केळीच्या पानाच्या उलट्या अंगाचा फिकट हिरवा.
त्यांनीच डब्यात पांढरा ओतला,
पिवळ्याचे तीन थेंब टाकून काडीनं ढवळला.
चौथा थेंब चुकून पडला
तेव्हा बराच वेळ गप्प बसले.
वरच्या फळीला चपड्याचं पॉलिश:
फडक्याची पुरचुंडी, आठाच्या आकड्यासारखा हात,
मधे थांबायचं नाही,
थांबलं की तिथं डाग राहतो.

हां, त्याआधी एक राहिलं.
फळीच्या डाव्या कडेला खळगा होता,
वर्षानुवर्षं कुणाचं तरी कोपर टेकलेलं.
डावखुरा कारकून असेल, किंवा उजव्यानं लिहिता लिहिता
डाव्या तळव्यावर हनुवटी ठेवून
खिडकीबाहेर बघत बसणारा.
मला दोघांशीही देणंघेणं नव्हतं.
मला सपाट टेबल हवं होतं.
खडूची पूड, डिंक, चिमूटभर गेरू, अशी लांबी भरली,
घासली, वरून पॉलिश फिरवलं.
खळगा कुठं होता, बोटालाही सांगता येईना.

जूनमध्ये हवा बदलली आणि ती चकती
पापडासारखी सुटून फायलींवर पडली.
पुन्हा भरली. दिवाळीनंतरच्या थंडीत
एका रात्रीत पुन्हा सुटली. आवाज झाला, टक्.
मी जागीच होते.

सुकलालकाका म्हणाले, तिसऱ्यांदा भरू, सरस घालून.
उद्या या, म्हटलं.
ते उद्या आले, परवाही आले.
दोन्ही वेळा मी फक्त चहा केला.

आता रात्री बँकेचे कागद तपासताना
कप तिथंच ठेवते. थोडा तिरका राहतो.
म्हणून अर्धाच भरायचा.