डाव्या पायाचे बूट

माझं नाव नोकुथुला.
आमच्या झुलूत त्याचा अर्थ शांतता.
गप्प बसणं म्हणायचं तरी मूळ शब्द तोच.
या दोन्हींत फरक असतो
हे नाव ठेवताना आईच्या ध्यानात आलं नसावं.

अकरा वर्षं मी काच पुसते,
डर्बनच्या उत्तरेला, टेकडीवरच्या मॉलमध्ये,
पहाटे चारची टॅक्सी पकडून, दुकानं उघडायच्या आत.
काम असं
की काच आहे हे कुणाला कळताच कामा नये.

पलीकडे बुटांची रांग.
प्रत्येक जोडातला एकच मांडलेला, डावा.
उजवे मागे, गोदामात, कुलपात.
किंमत दोन हजार चारशे रँड.
माझा पगार तीन हजार आठशे.
त्यातून टॅक्सीचे अकराशे गेले
की एक जोड घेता येतो
आणि महिनाभर जेवायला उरतात तीनशे.
मला गणित येतं.
न येतं तर झोप लागली असती.

जुलैतल्या त्या सोमवारी टॅक्सी आली नाही.
धूर आला.
कशावरून पेटलं, मला विचारू नका.
कुणी कोर्टाचं नाव घेतं, कुणी पुढाऱ्याचं.
आमच्या गल्लीत दोघंही कधी फिरकले नाहीत.

मी गेले. होय, गेले.
चोरायला नाही म्हटलं तर खोटं,
चोरायला म्हटलं तरी खोटंच.
मला ती काच बघायची होती.

अकरा वर्षांत पहिल्यांदा ती दिसत होती,
जमिनीवर, घोटाभर, चमचमत.

खुलेकानी, रात्रीचा पहारेकरी,
युनिफॉर्मचा शर्ट उलटा घालून
गोठलेल्या कोंबड्या वाहत होता.
मला पाहून म्हणाला, अजून ड्यूटीवरच आहे.
म्हातारी मान्झामा औषधांच्या दुकानात
गुडघ्यांवर बसून मोठ्या माणसांचे डायपर शोधत होती.
नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला.
दुसरं काही तिनं उचललं नाही,
पैशांच्या उघड्या गल्ल्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
एक पोरगा फ्रिज ढकलत होता चढावर.
अरे, तुझ्याकडे वीज कुठाय?
म्हणाला, दार घट्ट लागतं, मावशी,
पिठाला उंदीर लागणार नाहीत.

माझा लुंगेलो कुठून शिरला, कुठून निघाला, मी पाहिलं नाही.
रात्री घरी आला तेव्हा पायांत नवे बूट.
दोन्ही डावे.
मी हात उगारला
आणि तो तसाच वर राहिला,
कारण पोरगं आरशात बघत होतं, पायांकडे,
आणि हसत होतं.

शनिवारी पोलीस आले, घरोघर.
पावती दाखवा.
पलंगाची, रेडिओची, पातेल्याची पावती.
माझं एक ब्लँकेट, मागच्या हिवाळ्यात
त्याच मॉलमधून हप्त्यानं घेतलेलं,
सहा हप्ते, एकही चुकवला नाही.
पावती पत्र्याच्या गळतीत विरघळलेली.
ब्लँकेट गेलं.
बूट त्यांनी हातात घेतले, उलटेपालटे केले,
एकमेकांकडे पाहिलं, आणि परत ठेवले.
दोन डाव्यांचं कोण काय करणार?

पुढच्या आठवड्यात मला झाडू दिला.
चार दिवस काच भरली पोत्यांत.
खुलेकानीच्या जागी नवा माणूस उभा होता,
कमरेला पिस्तूल, माझ्याच गल्लीतला,
ओळख न दाखवणारा.
नवी काच जाड आहे, बोटभर.
बसवणारा म्हणाला, ही हातोड्यानंही फुटत नाही.
मी विचारलं, पुसायला कशी आहे?
तो हसला. मी खरंच विचारत होते.

काल टॅक्सीत रेडिओ लागला होता.
निवेदिका सांगत होती, शहरात आता शांतता आहे.
आमच्या भाषेत सांगत होती,
म्हणून मी दचकून मान वर केली.
वाटलं, कुणी हाक मारली.

लुंगेलो शाळेत जातो तेच बूट घालून,
उजवा पाय जरा आत वळवून.
दुखतं का विचारलं
तर नाही म्हणतो.