अकरा दारं

धक्क्यावर अकरा दारं उभी करायची होती.
नुसती दारं. मागे घर नाही, खाली उंबरा नाही.
ओडेटनं ती पाडकामातून गोळा केलेली,
रंगाचे पापुद्रे जसेच्या तसे ठेवून.
नगरपालिकेच्या कागदावर: तात्पुरती रचना, नऊ आठवडे.
आवाजाचं काम माझ्याकडे.

मार्चमध्ये, रस्त्याकडेचा बर्फ काळवंडतो त्या दिवसांत,
मी सेंट जॉन्सभर मायक्रोफोन घेऊन हिंडले
आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत सुटले,
तुमचं लपणं ऐकू कसं यायचं?

प्रश्न वाईट होता. हे मला उशिरा कळलं.

गार्लंडनं जिना दिला.
आईवडील झोपल्यावर चढायचा जिना,
चौथी पायरी करकरायची.
एक, दोन, तीन,
पाच.
साठी उलटली तरी पाय अजून ती पायरी गाळतात,
घर विकलं तरी.

ॲम्ब्रोजनं चर्चमध्ये नेलं. तिथे आता व्यायामशाळा आहे.
बावीस वर्षं ऑर्गन वाजवला त्यानं,
मग एका सोमवारी किल्ल्या परत मागितल्या गेल्या.
“सूर नको घेऊस,” म्हणाला,
“पहिल्या सुराआधी भाता भरतो ना, तेवढंच घे.”
ऑर्गन कुठे होता?
तोंडानंच करून दाखवला त्यानं तो श्वास,
दोनदा. दुसऱ्यांदा खोकला आला.
खोकला ठेवला मी.

डेल्फिननं दिला शिक्का,
नाव बदलल्याच्या कागदावर पडलेला.
ठप्.
अर्धा सेकंद. “यासाठी सहा वर्षं हेलपाटे,” ती म्हणाली,
“जरा मोठ्यानं वाजव.”

फिलोमेना क्वर्क मात्र बोलेना.
अठ्ठ्याहत्तरची. हयात मासळीच्या कारखान्यात गेली,
बोटांवर सुरीच्या पांढऱ्या रेघा.
ब्राइडबरोबर एकतीस वर्षं एका चुलीवर जेवली.
नातं गावानंच लावून दिलं होतं: मावसबहीण.
“आम्ही नाही म्हणालो नाही.
त्या एका शब्दाच्या छपराखाली राहिलो.
फारसं गळत नव्हतं.”

तिसऱ्या खेपेला तिनं
पिठाच्या डब्यामागून एक कॅसेट काढली,
जुन्या आन्सरिंग मशीनची.
दुकानातल्या फोनवरून ब्राइड:
फिल, पाव संपलाय का गं? की मी उगाच आणतेय?
मागून कुणीतरी काही विचारतं,
आणि ब्राइड, तोंड फिरवून:
काही नाही, माझ्या मावसबहिणीला विचारतेय.

रात्री जोडायला बसले तेव्हा
ते शेवटचं वाक्य मी कापलं.
म्हटलं, इतकी वर्षं पांघरलेलं खोटं
दारापाशी आणून पुन्हा कशाला पांघरायचं?
कापलेली जागा इतकी साफ की मलाच सापडेना.

फिलोमेनाला सापडली.
हेडफोन काढून तिनं मांडीवर ठेवले.
“परत लाव ते.”
मी काहीबाही सांगू लागले.
“पोरी, ती तो शब्द म्हणायची कशी, ते ऐकलंस का?
बहिणीला बहीण म्हणताना
कुणाचा आवाज असा खाली येतो?”

मी ऐकलं. चाळीस वेळा ऐकलं असेल.
‘मावस’ म्हणून झाल्यावर एक लहानसा थांबा आहे,
पदर सावरावा इतका,
असं मी इकडच्या कुणाला सांगू शकत नाही.

जूनमध्ये दारं उभी राहिली.
माझ्या एकोणीस मिनिटांत धुक्याचा भोंगा शिरत राहिला,
मी न घेतलेला, दर वेळी वेगळ्या जागी.
वाऱ्यानं दुसरं दार आपटलं, पर्यटक दचकले,
एक मुलगा बराच वेळ
लाकडाला कान लावून होता, आई हाक मारत होती.

फिलोमेना सातव्या दाराच्या मागच्या बाजूला उभी राहिली,
जिथून लोक ऐकत नव्हते.
अंगात चांगला कोट, हातात पर्स.
पूर्ण फेरी ऐकली. मग दुसरी.
तिसऱ्यांदा ब्राइडनं पावाचं विचारलं
तेव्हा ती दाराला म्हणाली,
“आण.”

तो आवाज माझ्याकडे नाही.
रेकॉर्डर गाडीत राहिला होता.