अडीच मायक्रोफॅरड

मे महिन्याची बावीस तारीख.
कुलरचा पंखा नुसता गुरगुरतो,
बोटानं ढकलला की फिरतो, आपणहून उठत नाही.
डोमाजी हेडाऊ गोळीबार चौकातून सायकलवर आले,
डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा.
"कंडेन्सर गेला असंल जी,"
म्हणाले, आणि बटण बंद करून, तारा सोडवून
पेचकसाची दांडी दोन्ही टोकांना एकदम टेकवली.

टच्च.

मोहरीएवढी निळी ठिणगी.
"पुरता मेला नाही. धरून आहे थोडंसं."

मग उकिडवे बसून, कपाळ पुसत,
"मॅडम, तुम्ही कालेजात शिकवलं न हे,
ह्याच्यात भरून काय असते?"

प्रभार, म्हणाले मी. आणि जीभ चावली.
तीस वर्षं महालातल्या त्या कळकट वर्गात
हेच सांगताना दर वेळी चावली आहे.
कारण मोजायला गेलं तर आत शून्य.
या पत्र्यावर जितका जास्त
त्या पत्र्यावर नेमका तितकाच कमी.
दुकानातून आणला तेव्हा शून्य,
भरला तेव्हा शून्य,
आत्ता ठिणगी पडली तेव्हाही बेरीज शून्यच होती.

"मंग हे टच्च कायचं?"

कष्टाचं. ओढ असलेल्यांना
वेगळं करायला लागलेल्या कष्टाचं.
पहिला कण फुकट पलीकडे जातो, डोमाजी,
त्याला अडवायला तिथं कोणी नसतं.
दुसऱ्याला पहिला थोडं ढकलतो.
शेवटचा सगळ्यात महाग.
म्हणून त्या सूत्रात अर्धा येतो,
प्रभार गुणिले दाब, त्याच्या निम्मं.
फुकटातला पहिला आणि जिवावर आलेला शेवटचा,
यांची ती सरासरी.

त्यांनी जुना डबा करवतीनं कापला.
आत गुंडाळी, चकचकीत,
संत्रा बर्फीवरच्या वर्खासारखी,
पदर, मधे पातळसं काही, पुन्हा पदर.
"एवढे जवळ?"
जवळच असावे लागतात.
मधलं जितकं पातळ तितकं जास्त मावतं.
फक्त चिकटू द्यायचं नाही.

डोमाजी गुंडाळी उलगडत राहिले.
हातभर झाली, दोन हात झाली,
फरशीवर चांदी पसरली.

"आमचा माग एकच होता जी.
मग बळीरामनं अर्ध्या विटेची भिंत घातली
बैठकीच्या मधोमध.
त्याच्या घरच्या फोडणीनं मी शिंकतो.
पह्यल्या दिवशी काहीच वाटलं नाही.
चहाले हाक नाही मारली, बस, एवढंच.
आता अकरा वर्षं झाले,
रोज एक हाक गिळाले
रोज थोडा जास्त जोर लागते."

मी काही बोलले नाही.
खिडकीबाहेर लिंबाचं पान हलत नव्हतं.
तिकडे कोराडीत कोळसा जळतोय, मनात आलं,
आणि त्याच्या धगीतून वर्षानुवर्षं एवढंच चाललंय,
जे एकत्र राहू पाहतं ते दूर सारणं,
मग तारेच्या दुसऱ्या टोकाला
त्यांना भेटू देणं, आणि मधल्या वाटेवर
आपले पंखे फिरवून घेणं.
प्रभार कोणी खात नाही. सगळा परत जातो.
बिल येतं ते ओढीचं.

नवा बसवला. पंखा एका झटक्यात उठला,
वाळ्याचा वास खोलीभर.
"कंडेन्सरचे सत्तर. माहा चार्ज शंभर."
मी पैसे दिले, वर पन्ह्याचा पेला.

दारात सायकलला टांग मारता मारता थांबले.
"टेकवताना हात जळत नाही न?"
एवढ्याशानं नाही. मोठा असला तर पेचकस वितळतो.

"मोठा म्हणजे
किती वर्षांचा?"

हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.
त्यांनी उत्तराची वाट पाहिली थोडी,
कांदा चाचपला,
आणि उन्हात निघून गेले,
खांद्यावरच्या पिशवीतून पेचकसाची
लाकडी मूठ बाहेर आलेली.