तीस सेकंद

लग्नं शूट करायचो मी. खानापूर, नंदगड, बीडी.
'इकडं बघा, जरा हसा' म्हणून म्हणून
घसा बसलेला.
रानात हे वाक्य पहिलं विसरायचं,
इनास सोज म्हणाला, आणि कॅमेऱ्याची पीं बंद केली.

कणकुंबीच्या वर बेहड्याचं झाड. खोडात ढोली,
ढोलीत धनेशाची मादी, दार लिंपून आत बसलेली.
फट उरलीय दोन बोटांची.
आम्ही लांब, ताडपत्रीखाली, पाचोळ्यात.

लेन्सखाली कुळथाची पिशवी.
('भूक लागली तरी सोडायची नाही.')
थंडीत बॅटरी काखेत.
बॅगेचं चर्रर्र करणारं वेल्क्रो उसवून नाड्या लावल्या,
माइकला भाचीचं जुनं टोपरं, वारा लागू नये म्हणून.
आणि जागा सोडण्याआधी
तीस सेकंद नुसतं रान भरून घ्यायचं, कुणी बोलायचं नाही.
'हे कशाला?'
'दोन तुकडे जोडताना मधे काय घालणार, बँडबाजा?'

गार्ड मल्लेशी रोज येऊन सांगायचा,
सद्दु माडब्याड्री.
आवाज नको, एवढंच. परवान्यातलं बाकीचं कन्नड
मी अजून अक्षर अक्षर लावतोय.

तिसऱ्या दिवशी दुपार कलली तरी नर आला नाही.
फटीतून चोचीचं टोक यायचं, जायचं.
खाली उंबरं पडलेली, पिकलेली, लाल.
मी म्हटलं, काठीला बांधून चार वर पोचवू?
इनासनं माझ्याकडं पाहिलंच नाही.
'वाढपी हैस काय रं तू? बस खाली.'

बसलो. रेकॉर्ड चालू. हात नालायक,
नेमका चष्मा पुसायला गेला,
आणि पंखांचा तो आवाज,
घाटात जुनी मोटार चढावी तसा.
घाईत रिंग फिरली.

रात्री लॅपटॉपवर बघतो तर
पुढचं एक पान, शिरांसकट लख्ख,
आणि त्याच्यामागं काळापिवळा डाग
वाकतोय, वाकतोय, पुन्हा वाकतोय.
इनास बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
पान बरं आलंय.

पुसलं नाही ते.

परवा नंदगडात लग्न होतं. नवरी गेली,
मांडव रिकामा झाला,
तिचा बाप पैसे द्यायला आला,
मी हातानंच थांबा म्हटलं.
माइक चालू: दुमडणारी खुर्ची,
काहिलीवर घासणारं उलथणं,
आणि त्यांचा श्वास, जो त्यांनी
मला काही न विचारता
धरून ठेवला, की सोडला,
ऐकून सांगता येत नाही.