रकाना क्रमांक सात

अर्ज चार पानांचा आहे.
नाव शेवंती गावस, गाव पिसुर्ले, तालुका सत्तरी,
खाणीवर लागल्याची तारीख, कमी केल्याची तारीख.
इथवर माझं अक्षर सरळ आहे.
रकाना सहा : कौशल्य असल्यास लिहावे.
म्हांबरे कारकून म्हणाले,
बायांनी तिथे रेघ मारली तरी चालते.
मारली.

रकाना सात :
नोकरी परदेशी मालाच्या आयातीमुळेच गेली
याचा पुरावा जोडावा.

मुळेच.
त्या ‘च’वर माझं बोट अडकलं.
पत्रबित्र कुणी दिलं नव्हतं. शेवटच्या दिवशी
सुपरवायझर बाबल फाटकात उभा राहून एवढंच बोलला,
बाहेरचा माल स्वस्त पडतो,
कारखान्यांना आपला नको झालाय.
आता हे बोलणं झेरॉक्स कुठे करायचं?
झिलूने आपल्या टिपरचा फोटो जोडला होता,
स्टेअरिंगपर्यंत घाणेरी चढलेली.
तो परत आला. वर शेरा :
यात आयात दिसून येत नाही.

म्हणून मी आयात बघायला गेले.
वाळपईहून पहाटेची कदंब, पणजीला बदलून वास्को.
बावीस वर्षं आमचा माल ट्रकाने जेटीवर,
जेटीवरून बार्जने मांडवीतून खाली गेला,
मी त्याच्या मागे कधी गेले नव्हते.
बंदराच्या फाटकावर पास मागितला.
नव्हता.
भिंतीवरून क्रेनची मान तेवढी दिसली,
वाकायची, उठायची,
बगळ्यासारखी, पण घाई नसलेली.

रस्त्याच्या कडेला, गटाराच्या झाकणापाशी
ट्रकातून निसटलेला एक खडा पडला होता,
मुठीत मावेल एवढा.
उचलला.
हात मला विचारून काही करत नाही.
त्याने तोललं, नखाने टोकरलं,
फरशीवर घासून रेघ ओढली,
रेघेला थुंकी लावून उन्हात धरली.
चौसष्ट.
पासष्टही निघेल एखाद्या वेळी.
आमचा अठ्ठावन्नच्या वर गेला नाही कधी,
तोही धुऊन, चाळून,
लॅबच्या साहेबाने आकडा वाचेपर्यंत
सातेरीला नारळ बोलून.

राग यायला हवा होता.
खोटं कशाला सांगू,
तोंडातून आधी निघालं :
काय माल आहे गो!

बसमध्ये तो मांडीवर धरून बसले.
याचीही पिशवी कुणीतरी भरली असेल,
चिठ्ठीवर नंबर घातला असेल,
पेन चालेना म्हणून झटकलं असेल.
तिचं नाव काय असेल याचा विचार
फोंड्यापर्यंत पुरला.

म्हांबरे म्हणाले, दगड जोडता येत नाही.
कागद लागतो.
मी म्हटलं, हाच तो. चौसष्ट टक्के.
आमच्या सत्तरीत असा निघत नाही,
डिचोलीत नाही, सांग्यातही नाही.
हा आला, म्हणून मी घरी बसले.
ते खड्याकडे बघत राहिले.
मशीनवर बघितलंत?
मी हात पुढे केला.
त्यांनी हात बघितला,
मग अर्जाचं पान उलटून रकाना सहा बघितला,
तिथली माझी रेघ.
काही बोलले नाहीत.
खाडाखोड केली तर अर्ज बाद होतो,
हे पहिल्या पानावरच छापलंय.

वर पंखा जोरात होता, अर्ज उडत होते.
त्यांनी तो खडा गठ्ठ्यावर ठेवला.

दर मंगळवारी जाते.
विचाराधीन आहे, असं सांगतात.
खडा तिथेच आहे, खालचा गठ्ठा वाढतोय,
झिलूचा अर्ज आता तळाला गेला असेल.
म्हांबरेंच्या बोटांना हल्ली लाल लागतं.
रुमालाने पुसतात, पुन्हा बघतात, पुन्हा पुसतात.
ते साबणानेही जात नाही,
हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.