सुई, पाव वळसा

सावर्ड्याच्या रिकाम्या खनिज-आवारात
रविवारी आम्ही दोघेच, मी आणि भाचा निहार.
टिपर गेले, चाकोऱ्या राहिल्या तांबड्या;
त्याच आमचा ट्रॅक.

त्याची गाडी बॅटरीची.
पिन जोडली, गेली.
आवाज म्हणजे कानाजवळून डास जावा एवढाच.
"मामा, तुझी सुरू होईस्तोवर
माझे दोन फेरे होतात."

खोटं नाही.
माझी नायट्रो. प्लग तापवा, दोरी ओढा,
पुन्हा ओढा, सुई पाव वळसा बाहेर,
नाही, जरा आत.
हवा दमट असली की रुसून बसते.
इंधनाचा कॅन बेळगावहून येतो
ओळखीच्या ड्रायव्हरच्या सीटखालून.
आणि दुपारी चालवली
की पिएदादबाय खिडकी आपटते.

अठरा वर्षं टिपरवर होतो.
माल किती भरलाय ते कानाला कळायचं.
खाण बंद पडली त्या रात्री
घरामागचा ओहोळ पहिल्यांदा ऐकला,
आणि डोळा लागला नाही.
हे त्याला कसं सांगू?

परवा त्याची गाडी ढिगाऱ्यामागे गेली.
तासभर शोधली अंधारात, मुकी.
"माझी असती तर ऐकू आली असती," म्हणालो.
"दिवा लावीन तिला," तो म्हणाला.

माझ्या इंजिनाचा पिस्टन आता खलास.
मडगावच्या दुकानात पैसे मोजले,
बॅटरीवालीच दे म्हटलं.
बोटांना अजून जळक्या एरंडेलाचा वास.
निघताना मुलाला विचारलं,
चार्जरचा पंखा तरी वाजतो ना रे?