राखेच्या वर्षाची लोकर

एउलालिया नाहुएलकिर लोकर तोलते.
पाटागोनियाचा वारा पत्र्यावर थापा मारतोय.
कातरणारा पोरगा म्हणतो, "ही मेंढी फसवी,
खायला पुढे, लोकरीला मागे."

ती वाकून मेंढीच्या खांद्यावर
दोन बोटांनी उरलीसुरली लोकर फाकते.
विरळ. खालची कातडी दिसते.
"हिचा काय दोष?
डोंगर फुटला तेव्हा ही पोटात होती."

गवतावर बोटभर राख,
चरून चरून झिजलेले दात,
आणि मूठमूठ मोजलेला ओट,
तोही आधी घोड्यांना.

आईच्या लोकरीत त्या महिन्यांची
एक अशक्त रेघ उमटली होती,
ताणली की तिथेच तुटायची.
पुढच्या कातरणीत ती निघाली,
पोत्यात भरून स्वस्तात गेली.
आई पुन्हा दाट झाली.

कोकराची मात्र कातडीच तेव्हा विणली जात होती.
टाके कमी पडले.
आता घाल हवा तेवढा चारा.

पोरगा वहीत लिहितो: दोन किलो शंभर.
"शेजारी हंगाम लिही."
"कुठला, जन्माचा?"
"त्याच्या आधीचा."

मेंढी उठते, अंग झाडते.
लोकर उतरल्यावर तिचं पोट उघडं पडलंय,
डाव्या बाजूला काहीतरी सरकतं.
एउलालिया ओटची बादली तिच्यापुढे ठेवते.
कुंपणावरून घोडा मान लांबवतो.
"तू थांब," ती म्हणते.